दादासाठी केलेला फाइल मॅनेजर

माझ्या नाकावरच राग असतो, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. कॉम्प्युटरने 'नक्की डिलीट करायचं का?' असं विचारलं तरी माझं डोकं फिरतं. अरे, सांगितलंय ना, मग कर की मुकाट्याने! पंचवीस वर्षं प्रोग्रॅम लिहून पोट भरतेय मी. म्हणून थोरल्या भावासाठी फाइल मॅनेजर लिहिला तेव्हा तो प्रश्न त्यात घातलाच नाही.

दादाने चाळीस वर्षं मनगटी घड्याळं दुरुस्त केली. केसाएवढा स्क्रू चिमट्यात धरणारे ते हात साठीनंतर थरथरायला लागले आणि दुकान बंद झालं. त्यात गेल्या वर्षी वहिनी गेली. ती नर्स होती. दादाचे हात कायम कामात, मेसेज वाचायला सवड नाही, म्हणून ती ड्यूटीवरून निरोप बोलून पाठवायची. "अहो, चष्मा सापडत नसेल तर कपाळावर बघा." "अहो, दूध तापवून ठेवा, मला उशीर होईल." असे एकशे ब्याऐंशी निरोप. दादाचा फोन बिघडायला लागला तेव्हा मी ते सगळे त्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर उतरवले आणि फोन भंगारात दिला. आणखी एक कॉपी कुठेतरी ठेवायची होती. ऑफिसात सगळ्यांना मीच त्यावरून झापते. इथे मात्र पुढच्या रविवारी, पुढच्या रविवारी करत राहून गेलं.

पण माउस काही दादाच्या हातात ठरेना. बाण पडद्यावर नुसता उड्या मारायचा. मग मी हा प्रोग्रॅम लिहिला, टर्मिनलमध्ये चालणारा. काळा पडदा, पांढरी ठसठशीत अक्षरं, चित्रं नाहीत, माउस नाही. बाणांच्या बटणांनी वर-खाली जायचं, एंटर दाबलं की निरोप वाजतो, स्पेस दाबून बोललं की नवा निरोप भरला जातो, डिलीट दाबलं की फाइल जाते आणि नावावरची उजळ पट्टी आपोआप पुढच्या फाइलवर येते. ही शेवटची माझी खास सोय, मला तिचं फार कौतुक. ऑफिसातला एकजण म्हणाला होता, डिलीट करण्याआधी एकदा विचारत जा की बाई. मी म्हटलं, माझा प्रोग्रॅम चोंबडा नाही.

दादा खूश होता. रोज सकाळी दाढी-आंघोळ उरकून, कुणाकडे जायचं असल्यासारखा, त्या पडद्यासमोर बसायचा. दोन महिने झकास गेले. मग एक आठवडाभर फोनवर तुटक बोलायला लागला. मला वाटलं, रुसलाय कशावरून तरी. रविवारी सकाळी गेले.

यादीत सगळी नावं जागच्या जागी होती, बहुतेकांच्या तारखा मात्र त्याच आठवड्यातल्या. मी एका नावावर एंटर दाबलं.

"अहो, दूध तापवून ठेवा, मला उशीर होईल."

आवाज दादाचा होता. आधी मला हसू आलं, मग मी पुढची चार नावं वाजवून बघितली. सगळीकडे तोच. हे काय आहे म्हणून विचारलं. त्याने हळूहळू सांगितलं. यादीतल्या पहिल्याच निरोपात नुसतीच खरखर होती, तो काढायला गेला. बोट थरथरलं आणि बटणावरून निघेचना. एक फाइल गेली की पट्टी पुढच्या फाइलवर, ती गेली की त्याच्या पुढच्या. घाबरून दुसऱ्या हाताने बोट ओढून काढलं तोवर तळाचे सात निरोप उरले होते. मला सांगितलं नाही, कारण मी ओरडेन. महिन्यापूर्वी कीबोर्डवर पाणी सांडलं तेव्हा पाव तास बोलले होते मी त्याला, लहान पोराला बोलावं तसं. म्हणून मग तो आठ दिवस बसून वहिनीचे निरोप आठवत होता, स्वतःच्या आवाजात बोलत होता आणि वहीत लिहून ठेवलेल्या त्याच नावांनी ठेवत होता.

कॉम्प्युटरवरून काढलेली फाइल लगेच जात नाही. यादीतून नाव जातं, आवाज डिस्कवर तसाच पडून राहतो, त्या जागेवर नवीन काही लिहिलं जाईपर्यंत. पहिल्याच दिवशी कळलं असतं तर बहुतेक सगळे परत काढले असते मी. डिस्क जुनी, लहान, गच्च भरलेली. नवीन आवाज ठेवायला त्या रिकाम्या जागेवाचून दुसरी जागाच नव्हती.

तरी दुपारपर्यंत झगडले. एका ठिकाणी वहिनीचा अर्धा शब्द निघाला आणि त्याला जोडून दादाचा खोकला. बाकी काही नाही. उरलेले सात पाच ठिकाणी उतरवून ठेवले आणि मला रडू फुटलं. दादाला म्हटलं, चूक माझी आहे, प्रोग्रॅमने विचारायला हवं होतं. तो म्हणाला, हात तर माझाच ना. किती सांगितलं तरी ऐकेना.

मग त्याने विचारलं, "ठमे, लगेच सांगितलं असतं तर सापडले असते का गं?"

मी कधी कुणाची भीड ठेवली नाही. "नाही," मी म्हटलं. "एकदा गेलं की गेलंच."

"मग ठीक आहे," तो म्हणाला. "पूर्वी कॅसेटवर व्हायचं ना, जुन्यावर नवीन भरलं की जुनं पुसायचं. मला आपलं वाटत होतं, मीच तिच्यावर बोललो की काय."

"छे रे," मी म्हटलं. "कॉम्प्युटरमध्ये तसं होत नाही."