मामाच्या नावाचं इंजिन

मरायच्या आत भावाजवळ एकदा बसायचं, आईला एवढंच हवं होतं. तिचा भाऊ, म्हणजे माझा मामा, वैमानिक. युद्धात विमानासकट पडला. कुठे पुरला, हे कुणी सांगितलं नाही. मग आमच्या नशिबी पडलेली विमानं हुडकणारं हौशी शोधमंडळ आलं.

अध्यक्ष निवृत्त प्राध्यापक. विमानाने कसं पडायला हवं होतं, हे विमानालाच शिकवतील अशी ऐट. यांची पद्धत एकच: धातू शोधायचं यंत्र फिरवायचं, ते वाजलं की खणायचं. एका शेतात इंजिन निघालं, त्यावरचा नंबर मामाच्या विमानाशी जुळला आणि मंडळी अशी नाचली, जणू मामाच उठून बसला. इंजिन धुतलं, रंगवलं, त्याच शेताच्या बांधावर चौथऱ्यावर चढवलं. पाटीवर मामाचं नाव बोटभर, अध्यक्षांचं हातभर.

अनावरणाला आईला पुढच्या खुर्चीत बसवलं.

"आजी, हीच तुमच्या भावाची समाधी!" अध्यक्ष माइकवरून गरजले.

"हे इंजिन आहे," आई म्हणाली. "माझा भाऊ कुठाय?"

"तुमच्या भावना समजतो आम्ही," म्हणत त्यांनी भाषण पुढे रेटलं.

समजतात म्हणे! मला त्या माणसाची शिसारी आली. आई उठली, मागे उभ्या असलेल्या शेतमालकाकडे गेली आणि तेच विचारलं.

"तो होय," मालक कान खाजवत म्हणाला. "आमच्या आजोबांनी पुरला त्याला, त्या कडेला. तिथे आम्ही नांगर घालत नाही."

"मग यांना सांगितलं का नाहीत?" मी विचारलं.

"यांनी लोखंडाचंच विचारलं."

शेतभर पीक उभं होतं. कडेला तेवढा एक तुकडा पडीक, आणि त्यावर मंडळाच्या गाड्या. मालकानेच तिथे लावायला सांगितल्या होत्या. पीक तुडवलं गेलं असतं ना! आजोबांनी राखलेली जागा नातवाने पार्किंगला दिली. अध्यक्ष काय नि मालक काय, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं.

अध्यक्षांची गाडी मधोमध. तिचं तेल खाली मातीवर ठिबकत होतं. आई बॉनेटला धरून चाकाशेजारी बसली आणि रुमालाने तेल टिपू लागली.

"वीराच्या भगिनी कुठे गेल्या?" माइक विचारत होता. "फोटो राहिलाय!"

"आधी गाडी काढा तुमची!" मी तिथूनच ओरडले. "माझ्या मामाच्या छातीवर लावलीय!"

माना वळल्या. अध्यक्ष खिशात किल्ली शोधू लागले.

आईने वर पाहिलंसुद्धा नाही.

"ओरडू नकोस गं," ती म्हणाली. "बसू दे मला त्याच्याजवळ."