निवडलेला राळा

नरहर मास्तरांनी सुपातला राळा पुन्हा बोटांनी पसरला आणि एकेक दाणा निवडायला घेतला. गवताचं काळं बी दिसलं, की पोराच्या वहीतली चूक सापडावी तसे ते खूश होत आणि ते बी बाजूच्या फडक्यावर टाकत.

"अहो, पाखरं खाणार हायेत. नवरदेव नाई बसून राह्यला पंगतीले," सुमित्राबाई म्हणाल्या.

"लाल मुनिया हायेत त्या! त्यायले बारीक, साफ दाणा लागते. ज्वारी टाकली तं काय आलं? चिमण्या न् पारवे!"

मास्तरांना धीर धरवत नव्हता. त्यांची मीरा बाराच्या मोटारीनं सासरहून, कारंज्याहून येणार होती. चार महिन्यांमागे तिचं तान्हं बाळ गेलं, तेव्हापासून तिनं माहेरी पाऊल टाकलं नव्हतं. मास्तरांच्या तीन पत्रांना तिनं 'येत नाही' असंच कळवलं. चौथ्यात त्यांनी लिहून टाकलं, 'आपल्या अंगणात लाल मुनिया येतात. बघायला ये.' अंगणात मुनियाचं पीससुद्धा पडलं नव्हतं. खोटं बोलू नका म्हणून पोरांना जन्मभर छडी दाखवलेला माणूस!

अंगण लख्ख झाडून त्यांनी राळा टाकला. सुमित्राबाईंनी फडकं उचललं आणि रोजच्यासारखं घरामागच्या सांदवाडीत, रांजणाजवळच्या कचऱ्यात झटकलं.

मीरा आली. फार वाळली होती. अंगणात राळा होता, चिमण्या होत्या. मुनिया एकही नव्हती. मास्तर तिच्याकडे बघेनात. ती पाय धुवायला मागे गेली.

"बाबा!"

मास्तर अनवाणीच धावले. रांजणापाशी मीरा तांब्या धरून उभी होती. समोर कचऱ्यातलं काळं बी टिपत सात-आठ लालचुटूक मुनिया! मास्तरांना आनंद आवरेना. टाळी वाजवायला उचललेले त्यांचे हात सुमित्राबाईंनी वरच्यावर धरले.

"आठ दिवस झाले, येऊन राह्यल्या. सांगतलं असतं तं तुम्ही इथंबी झाडलं असतं."

मास्तरांनी घसा साफ केला.

"पाह्य मीरा, मी लिवलंच होतं नं, येतात म्हणून."

"खोटं लिवलं होतं, बाबा. तेवढ्याच ओळीत तुमचं अक्षर वाकडं झालं होतं." तिची नजर पाखरांवरच होती.

"मंग आली काऊन?"

"तुमच्यावर खोटं लिवाची पाळी आणली मी," मीरा म्हणाली. "म्हणून आली."