गबूचं बाळसं

आमच्या कारखान्यात तिसरी भट्टी लागली त्याच आठवड्यात नर्सबाई म्हणाल्या, गबूच्या अंगाला सूज आहे. आम्हाला ती सूज कधी वाटलीच नव्हती. आम्ही त्याला बाळसं म्हणत होतो.

गबू म्हणजे माझ्या भावाची मुलगी. गाल वर आलेले, पाय गुबगुबीत, म्हणून गबू. भाऊ लांब कुठेतरी पुलाच्या कामावर असतो. घरात आई, वहिनी, मी आणि ही. वहिनी आणि मी बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला, एकाच सरकत्या पट्ट्यावर समोरासमोर. घर दोनच खोल्यांचं, पण टीव्ही भिंतभर. दोघी कमावत्या म्हटल्यावर आई शेजारणींपुढे तोरा मिरवायची. का मिरवू नये? त्या गल्लीत आमचंच तर बरं चाललं होतं.

कारखान्याची एक रीत आहे. तुटलेलं बिस्कीट पाकिटात जात नाही, टोपल्यात जातं, आणि शिफ्ट सुटताना ज्या त्या बाईला त्यातलं पिशवीभर मिळतं. वहिनीने कामावर परत यायचं म्हणून गबूचं अंगावरचं दूध तोडलं, तेव्हापासून आई तिला काळ्या चहात ही बिस्किटं कुस्करून भरवायची. सकाळी तेच, दुपारी तेच, संध्याकाळी तेच. पोर निमूट गिळायची. रडणं नाही, हट्ट नाही, बसवलं तिथे बसायची. "गुणाची गं बाई माझी," आई म्हणायची. हळूहळू तिचे केस भुरे झाले, मग चक्क सोनेरी. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, पोर कसली, बाहुली आहे बाहुली! वहिनीने फोटो काढून पट्ट्यावरच्या सगळ्यांना दाखवला. सुपरवायझर म्हणाला, "हिलाच छापू या पाकिटावर." सगळ्या खो खो हसल्या. मीसुद्धा.

तर, तिसरी भट्टी. मोठे साहेब आले, देश कसा झपाट्याने पुढे चाललाय यावर बोलले, आम्हाला टोप्या वाटल्या आणि कामगारांच्या पोराबाळांची तपासणी ठेवली. आई गबूला नवा फ्रॉक घालून घेऊन आली. नर्सबाईंनी तिच्या पावलावर अंगठा दाबून धरला आणि उचलला. खळगा तसाच राहिला, मळलेल्या पिठात राहतो तसा. वहिनीला गंमत वाटली, ती हसली. नर्सबाई हसल्या नाहीत.

"काय खाते ही?"

"भरपूर खाते हो," आई म्हणाली. "चाटूनपुसून."

"पण काय?"

आईने मोठ्या कौतुकाने सांगितलं.

मग त्यांच्याच दवाखान्यातला वॉर्ड. नर्सबाईंनी आम्हा तिघींना समोर बसवून समजावलं. पोरीचं पोट भरत होतं, पण अंगी काही लागत नव्हतं. हे गाल म्हणजे मांस नाही, पाणी आहे. औषधाचं दूध थोडं थोडं देऊ, तर आधी पाणी उतरेल आणि पोर अगदी वाळल्यासारखी दिसेल. घाबरू नका, ती सुधारणाच समजा. आईने मान डोलावली. वहिनीनेही डोलावली. मान डोलवायला काय लागतं!

आधी गाल गेले. मग हात, मग पोटऱ्या. मांड्यांची कातडी लोंबायला लागली. काट्यावर रोज वजन कमीच. आई कॉटशी बसून त्या दुधाच्या वाटीकडे डोळे वटारून बघायची.

"घरी पोटभर खात होती, इथे वाटीवर ठेवलीय. भरलेलं पोर आणलं आणि यांनी सांगाडा केला त्याचा."

"आई, सांगितलं होतं ना त्यांनी?"

"तू गप. तुला झालंय का एक तरी?"

हे ती दर वेळी काढते. मी गप्प बसले नाही. बाहेरच्या व्हरांड्यात घसा बसेपर्यंत भांडले. म्हटलं, अगं, कालपासून ती मान वळवून बघतेय, आज वाटीसाठी हात पुढे केला, कधी केला होता का घरी? वहिनी मधे उभी. एकदा आईकडे बघे, एकदा माझ्याकडे. मग आत जाऊन तिने गबूचा काटकुळा हात हातात धरला. बराच वेळ धरला. तो तिला ओळखीचा वाटेना.

"मला माझी पोर परत हवी," ती म्हणाली.

नर्सबाई दाराशी आडव्या आल्या, नाही म्हणाल्या, डॉक्टरांना बोलवायला धावल्या. तेवढ्यात आईने गबूला चादरीत गुंडाळलं आणि जिना उतरली. मागून मी पिशव्या घेऊन उतरले. काय करणार होते? हिसकावून घेणार होते पोर?

घरी चहा उकळला. थोड्याच दिवसांत गाल परत वर आले, हात भरले, पापण्या सुजून डोळे बारीक झाले. आईला आनंदाने रडू फुटलं. मी पट्ट्यावर तुटकी बिस्किटं टोपल्यात टाकत राहिले आणि शिफ्ट सुटली की माझी पिशवी घेत राहिले. राग आला होता का? आला असेल. कुठे गेला ते मला माहीत नाही.

मग एका सकाळी आईने चमचा ओठांना लावला, तर गबूने तोंड उघडलं नाही. पुन्हा लावला. चहा हनुवटीवरून खाली ओघळला.

बायका जमल्या. "अगं बाई, एवढं गुटगुटीत पोर!" "कुणाची दृष्ट लागली गं?" जी ती तिच्या गालावरून हात फिरवत होती. आई भिंतीला टेकून प्रत्येकीला सांगत होती, दवाखान्यातच बिघडवली हो. मी सगळ्यांना पाणी दिलं. मला रडू आलं नाही. अजूनही येत नाही.

सुतकाची सुट्टी संपली आणि वहिनी अन् मी पुन्हा पट्ट्यावर उभ्या राहिलो. नव्या भट्टीचा माल भराभर येतो, मान वर करायला फुरसत नसते. मधेच तिचे हात थांबले. बिस्किटं पुढे सरकून एकावर एक चढायला लागली.

"वन्सं," ती म्हणाली, "ती कधी उपाशी होती का हो?"

सुपरवायझर लांबून ओरडत होता. मी तिच्या बाजूची बिस्किटंही उचलायला लागले.

"नाही गं," म्हटलं. "कधी मागितलंच नाही तिने."