दोन बॅटऱ्यांची जीप

मी एक जुनी जीप आहे, आणि हे मी मान खाली घालून सांगत नाही. मित्रांनो, माझ्या अंगावरचा रंग उडाला आहे. डाव्या बाजूचा पत्रा कुजला तिथे तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकला आहे. गादीतून काथ्या बाहेर आला आहे. तुम्हाला हसू येत असेल तर खुशाल हसा. माझी गोष्ट मात्र शेवटपर्यंत ऐका.

माझी पहिली काही वर्षे सरकारी खात्यात गेली. राधानगरीच्या धरणाकडे साहेबांना ने-आण करायची, एवढेच काम. माझी चारही चाके एकदम ओढ घेऊ शकतात, पण साहेब डांबरी सोडून कुठे उतरलेच नाहीत, त्यामुळे ती ताकद वापरायची वेळ कधी आली नाही. पुढे माझा लिलाव झाला. पाणंदवाडीच्या अण्णासोंनी मला घेतले. पाणंदवाडी राधानगरीच्या वरच्या अंगाला आहे. तिथे अण्णासोंचे खताचे दुकान आणि थोडी भातशेती होती.

अण्णासोंनी माझे फार कौतुक केले. पुढे पिवळे दिवे बसवले. टेप आणला, छोटा पंखा आणला, गाणे वाजवणारा हॉर्न आणला. जोतिबाच्या यात्रेला जाताना टपावर रंगीत बल्बांची माळ लावली. प्रत्येक वस्तू वेगळ्या माणसाने जोडली. ज्याला जी वायर सापडली ती त्याने कापली, पिळली आणि वर चिकटपट्टी गुंडाळली. फ्यूज कुणी घातलाच नाही. माझ्या पोटात वायरींचे जाळे झाले होते. वरून मी नवरीसारखी सजले होते आणि आतून जळत होते.

एकदा जोतिबाच्या चढावर माझ्या तोंडातून धूर निघाला. अण्णासोंनी माती टाकून आग विझवली. उतरून त्यांनी मला लाथ मारली आणि गाडीच खराब निघाली असे चारचौघांत सांगितले. मला बोलता आले असते तर मीही चार शब्द सुनावले असते. दिवे, माळ, भोंगा मी मागितले नव्हते.

त्यानंतर दुकानासाठी नवा टेम्पो आला आणि मी भाताच्या पिंजराच्या, म्हणजे पेंढ्याच्या, गंजीशेजारी उभी राहिले. माझ्या गादीवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. पावसाळे गेले. मी गंजले, पण कुजून पडले नाही. माझे इंजिन शाबूत होते, आणि हे एका माणसाला ठाऊक होते. ती म्हणजे अण्णासोंची बायको, नीलम्मा.

नीलम्मा संकेश्वराकडची. राग आला की तिच्या तोंडून कानडी येई. एका वर्षी अण्णासोंचा पाय मोडला, तेव्हा खताची पोती वरच्या शेतांवर पोचवायला ती मला चालवायला शिकली होती. अण्णासो खाटेवरून ओरडून गिअर सांगत आणि ती अंगणात मला पुढे-मागे करी. पाय बरा झाल्यावर किल्ली परत खुंटीला गेली. पण शिकलेली विद्या काही खुंटीला टांगता येत नाही.

वाडीत एक जुनी दूधसंस्था होती. तिचे चेअरमन प्रभुलिंग, अण्णासोंचे चुलतभाऊ. म्हशींचे शेण काढायचे बायकांनी, वैरण आणायची बायकांनी, धार काढायची बायकांनी, आणि संस्थेत नाव नवऱ्यांचे. दर ठरवायला दुधाचे फॅट मोजले की कितीही चांगल्या दुधाचा आकडा सारखाच यायचा, आणि विचारायला गेलेल्या बाईला घरच्या माणसाला पाठवून दे असे सांगितले जायचे. एकदा नीलम्माने विचारले. तिलाही तेच उत्तर मिळाले. त्या दिवशी ती घरी आली ती कानडीत बोलतच.

तिने आणि शालूबाई नावाच्या शेजारणीने घरोघर फिरून बायकांची वेगळी संस्था काढायचे ठरवले. दूधसंघाने अट घातली की हा पावसाळा एकही दिवस खंड न पाडता दूध पाठवून दाखवा, मग नोंदणी करू. बायकांनी फॅट काढायचे मशीन आणले आणि शालूबाईच्या पडवीत ठेवले.

आमच्याकडे पाऊस लागला की वीज जाते, आणि गेली की लवकर येत नाही. जुन्या संस्थेकडे जनरेटर होता. बायकांकडे काही नव्हते. नीलम्मा प्रभुलिंगांकडे गेली आणि जनरेटरवरून एक वायर मागितली. त्यांनी सुपारी कातरत सांगितले की चुलीच्या उजेडात फॅट दिसते का बघा.

पण फॅटचे ते मशीन बॅटरीवरही चालत होते. नीलम्माने कोंबड्या हाकलल्या, गादी झटकली, माझी बॅटरी भरून आणली आणि किल्ली खुंटीवरून काढली. अण्णासो जुन्या संस्थेच्या कमिटीवर होते. त्यांनी नको म्हटले. तिने मला सुरू केले. मी दोनदा खोकले आणि तिसऱ्यांदा पेटले.

पहिल्या दिवशी माझ्या बॅटरीला दोन वायरी लावून मशीन चालवले, दिवा लावला, सगळ्यांचे दूध मोजून झाले. बायका खूश झाल्या. मग संघाच्या केंद्रावर न्यायला कॅन माझ्यात चढवले आणि नीलम्माने किल्ली फिरवली. माझ्या आत नुसते टक् झाले. मशीन आणि दिव्याने माझी बॅटरी पिऊन टाकली होती. बायकांनी मला चिखलातून ढकलून पाहिले, पण शेतांमधल्या अरुंद पाणंदीतला चिखल कुणाला दाद देतो? संध्याकाळी शेजारच्या गावचा ट्रॅक्टर आला तोवर दूध नासले होते. संघाच्या माणसाने एवढ्या वेळी चालवून घेतो म्हणून बजावले.

जुन्या संस्थेच्या कट्ट्यावर दोन दिवस माझीच चर्चा होती. प्रभुलिंगांनी अण्णासोंना सांगितले की ती जीप भंगारात घाला, घराण्याची शोभा होते आहे. अण्णासोंनी भंगारवाल्याला निरोप धाडला.

भंगारवाला यायच्या आधीच, त्या दिवसाचे दूध शेजारच्या गावच्या ट्रॅक्टरवर सोपवून, नीलम्माने मला वाडीबाहेर काढले. उतारावर ढकलून चालू केले आणि थेट कोल्हापूर गाठले. वाटेत तिने मला एकदाही बंद केले नाही. बंद पडले असते तर पुन्हा सुरू झाले नसते, हे आम्हा दोघींनाही कळत होते.

कोल्हापुरात गाड्यांच्या वायरिंगचे एक दुकान होते, फक्रुद्दीन मिस्त्रींचे. मिस्त्रींच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता, लाल वायर कोणती आणि तपकिरी कोणती ते त्यांना कळेना. म्हणून त्यांची थोरली लेक सबिना काम करी आणि ते खुर्चीत बसून हुकूम सोडत. सबिना कामाला पक्की आणि बोलायला फटकळ होती. तिने माझे झाकण उघडले, आत पाहिले आणि वडिलांना म्हणाली, "अब्बा, हिच्यात तर गोधडी भरलीया."

तिने पहिल्यांदा ती सगळी गोधडी उपसली. टेप गेला, पंखा गेला, भोंगा गेला. नीलम्माने विचारले, एवढे सगळे काढून टाकल्यावर राहिले काय? सबिना म्हणाली, "मावशी, तुमची बॅटरी एक आनी खानारी तोंडं धा. गाडी चालू करायची बॅटरी निराळी पायजे, कामाची निराळी. हिचं तिनं खायाचं न्हाय."

मग माझ्या डाव्या सीटखाली लोखंडी चौकट बसली आणि त्यात दुसरी बॅटरी आली. पट्टा लावून तिला घट्ट आवळले, म्हणजे खड्ड्यात ती उडायला नको. दोन्ही बॅटऱ्यांच्या मध्ये एक मोठा स्विच बसला. इंजिन चालू असताना स्विच लावायचा, म्हणजे दोघी भरतात. इंजिन बंद केले की स्विचही बंद, म्हणजे मशीन आणि दिवा फक्त दुसरीचेच खातील, पहिलीला हात लागणार नाही. प्रत्येक वायरीला बॅटरीजवळच फ्यूज घातला. पत्र्यातून वायर जिथे जात होती तिथे रबर बसवले, म्हणजे घासून ती उघडी पडणार नाही. अर्थिंगची वायर लावायची तिथला माझा रंग तिने पार लोखंडापर्यंत खरवडला. ते दुखले, पण रंगावर नुसता बोल्ट आवळून भागत नाही, हे माझ्याइतके कुणाला ठाऊक असणार?

निघताना तिने नीलम्माच्या हाताने तो स्विच पुन्हा पुन्हा चालू-बंद करून घेतला. "इसरू नगा," एवढेच म्हणाली. नीलम्मा विसरली नाही.

घरी पोचलो तेव्हा भंगारवाला येऊन परत गेला होता. अण्णासो रागाने दोन दिवस जेवायला बायकोसमोर बसले नाहीत. पण मला विकायची भाषाही त्यांनी पुन्हा काढली नाही.

त्या वर्षी पाऊस असा लागला की ओढे रस्त्यावर आले. वीज गेली ती गेलीच. रोज पहाटे मी शालूबाईच्या पडवीला पाठ लावून उभी राहायची. माझी दुसरी बॅटरी मशीन चालवायची, दिवा जाळायची. पावसासाठी डोक्यावर इरली पांघरून बायका दुधाच्या कासंड्या घेऊन यायच्या आणि आपल्या दुधाचा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी बघायच्या. कुणाचा आकडा जास्त आला की ती बाई वहीत नाव घालताना नवऱ्याचे नव्हे, स्वतःचे सांगायची. तेही मोठ्याने.

मग जुन्या संस्थेचा जनरेटर पाण्याने बंद पडला. तिकडचे दूध आमच्याकडे येऊ लागले. हे प्रभुलिंगांना सोसले नाही. आमची पाणंद त्यांच्या शेताच्या कडेने जाते. एके सकाळी कॅन भरून आम्ही निघालो, तर पाणंदीत त्यांची ट्रॉली आडवी लावलेली. शेजारी छत्री घेऊन ते स्वतः उभे.

नीलम्मा खाली उतरली. डोक्यावरचा पदर तिने सारखा केला आणि आवाज न चढवता म्हणाली, "भावजी, ट्रॉली काढा. दूध नासंल."

"जागा माझी हाय," प्रभुलिंग म्हणाले. "तुझी गाडी उडत जाती काय बघू."

तिला त्यांच्यापुढे असे ताठ उभे राहिलेले वाडीत कुणी पाहिले नव्हते. ती परत माझ्यात येऊन बसली. चारही चाकांना ओढ देणारा दांडा तिने बरोबर ओढला आणि माझी चारही चाके एकदम जागी झाली. ती मला पाणंदीतून खाली, बांधावरून उतरवून ओढ्याकडे घेऊन गेली; ओढा ओलांडला की पलीकडून रस्ता गाठता येत होता.

ओढा लाल पाण्याने फुगला होता. मी पाण्यात शिरले. पाणी चाकांच्या मध्यावर आले. कॅन एकमेकांवर आदळत होते. मागे शालूबाई दोन्ही हातांनी झाकणे दाबून बसली होती. अर्ध्यावर नीलम्माचा ओला पाय क्लचवरून घसरला आणि मी बंद पडले.

मित्रांनो, तो क्षण मी अजून विसरलेले नाही. मागच्या काठावर, ट्रॉलीच्या बाजूला माणसे जमली होती. कुणीतरी हसले. पहाटेपासून मी मशीन चालवले होते, दिवा जाळला होता. सगळ्यांना वाटले, आता पुन्हा तेच टक्.

नीलम्माने किल्ली फिरवली. माझी पहिली बॅटरी सकाळपासून कुणी चाखलीही नव्हती. मी एका हाकेत पेटले. असा आवाज केला की काठावरचे हसणे मला पुढे ऐकूच आले नाही. नीलम्मा कानडीत देवाचे नाव घेत होती.

तेवढ्यात अण्णासो काठावरून पाण्यात उतरले. धोतर खोचलेले, हातात काठी. त्यांनी कुणाकडे पाहिले नाही. काठीने तळ चाचपत ते माझ्या पुढे चालू लागले.

"डावीकडं घे," ते म्हणाले. "हिकडं खड्डा हाय."

नीलम्माने डावीकडे घेतले. ते पुढे, मी मागे, असे आम्ही पलीकडे चढलो. त्या दिवशीचे दूध वेळेत पोचले. त्या पावसाळ्यात पुन्हा एकही दिवस चुकला नाही, आणि दिवाळीच्या आत बायकांच्या संस्थेची नोंदणी झाली.

प्रभुलिंगांनी कधी चूक कबूल केली नाही. मीही त्याची वाट पाहिली नाही. पण त्यांच्या बायकोने, बायडाबाईने, पुढच्या वर्षी आपल्या म्हशीचे दूध आमच्याकडे घालायला सुरुवात केली, आणि पाणंदीत ट्रॉली परत कधी आडवी लागली नाही.

आता संस्थेला पक्की इमारत आहे, इन्व्हर्टर आहे, दारात नवी पिकअप आहे. डांबरी रस्ता वाडीपर्यंत आला. वाडीच्या वरच्या धनगरवाड्यावर मात्र तो अजून गेलेला नाही. तिथले दूध आजही मीच खाली आणते. दर पावसाळ्याआधी नीलम्मा माझ्या दोन्ही बॅटऱ्यांत पाणी घालते, टोकांवर ग्रीस लावते, उंदराने वायर कुरतडली का ते हाताने चाचपते. अण्णासो टॉर्च धरून उभे राहतात.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरी एखादे जुने यंत्र असेल तर त्याच्यावर हौसेची ओझी लादू नका आणि बंद पडले की लाथ मारू नका. त्याचे झाकण उघडा, आत काय बिघडले ते बघा, कामाची वायर नीट जोडा. दसऱ्याला मला हार घालायला आलात तर तुमची मर्जी. पण माझी कीव करायला मोकळ्या हातांनी येऊ नका. येताना पाना घेऊन या.