एका अंशाची साइन

श्टायर गावातल्या बिअरगृहामागचं सभागृह गच्च भरलं होतं, पण कुणी खोकतसुद्धा नव्हतं. मंचावरचं अंशांच्या रेघा मारलेलं लाकडी चक्र गरगरून थांबलं.

"अठरा!"

गुरू कायेतानने डोळे मिटले. "साइन... पाचाचं वर्गमूळ उणे एक, भागिले चार."

पडद्यावर संगणकानेही तेच तंतोतंत उत्तर मांडलं. लोक भारावून उठून उभे राहिले.

"यंत्राला हिशेब करावा लागतो, मला देव कानात सांगतो! कोन ऐकणारा तुमच्या रक्तातला रोगही ऐकतो. फेका त्या गोळ्या!"

माझ्या शेजारणीने, रोस्विथाने, त्या खरंच फेकल्या होत्या. तिच्या मुलीला, गेर्लिंडेला, फेफरं यायचं. पोरगी पहिल्या रांगेत बसली होती, पांढरीफटक. आणि बघता बघता ती ताठरून खाली कोसळली.

"कुणी हात लावू नका," कायेतान हळूच म्हणाला. "रोग बाहेर पडतोय."

खरंच कुणी हललं नाही. मी धावले, तिला कुशीवर वळवलं, रुग्णवाहिकेला फोन केला.

"हेडविग, गाडी परत पाठव!" रोस्विथा माझा दंड धरून म्हणाली. "गुरूंना सगळं कळतं."

"कळतं? मग गुरुजी, एका अंशाची साइन सांगा."

"चक्र दाखवील तोच कोन."

पोरीचे झटके ओसरताच मी मंचावर चढले. चक्र फिरवून काटा एकावर आणला. तो घसरून शून्यावर गेला. दोनावर ठेवला, तर तिनावर. चक्रामागे दर तीन अंशांवर एकेक खाच होती, ते तिथेच अडकायचं.

"मी या पडद्यावरच्यासारखीच गणिताची संगणकप्रणाली बनवते," मी म्हणाले. "तीनच्या पटीतल्या कोनांची उत्तरं नुसत्या वर्गमुळांत मावतात. नव्वदपर्यंत तीसेकच, पाठ होतात. एका अंशाचं तसं मावत नाही."

कायेतानने घाईघाईने वर्गमुळांची लांबलचक माळ म्हटली. मी ती संगणकात भरून खऱ्या मूल्यातून वजा केली. उत्तर शून्य आलं नाही.

"यंत्र बहिरं आहे!"

"मग मघाशी त्याचीच साक्ष कशाला काढलीत?"

मागून कुणीतरी हसलं. रोस्विथा हसली नाही. बाहेर भोंगा वाजताच तिने स्वतः दार उघडलं.

गेर्लिंडे वाचली. पण लोकहो, क्षणभर विचार करा. त्याला एका अंशाची साइन अचूक सांगता आली असती, तरी त्या पोरीच्या मेंदूत काय चाललंय, हे त्याला कुठून कळलं असतं?