तुफानच्या गाडीचा स्क्रू

तुफानने आपली रानात पळवायची एटीव्ही झाडावर घातली, तेव्हा तिच्या चार जाड चाकांनी चार दिशा धरल्या आणि तो स्वतः धुळीत बसून खदाखदा हसत होता. त्याचा लहानपणापासूनचा दोस्त वेल्डर होता. तो शिव्या हासडत का होईना, दुरुस्तीला आलाच. मेल्याला टाकून जाणार तरी कुठे?

पत्र्याच्या भोकांतून आलेले कवडसे शेडमध्ये तरंगत होते. वेल्डरने चारही चाकं जागेवर बसवली, वाकडं हँडल सरळ केलं, मोडलेला दांडा जोडला, पुढच्या जाळीत अडकलेली झाडाची साल अलगद सोडवली. तुफान गप्पा हाणत, पाना मागितला की पक्कड पुढे करत होता. त्याची पाठ वळताच वेल्डरने अ‍ॅक्सिलरेटरजवळचा, वेगाला लगाम घालणारा स्क्रू हळूच आवळला.

गाडी सुरू झाली. उंच गवतातून ती होडीसारखी डुलत डुलत निघाली, पार त्या झाडापाशी गेली आणि थांबली. बराच वेळ थांबली. वेल्डरने हात पुसत तिकडे पाहिलं. आता हा येऊन डोकं खाणार!

तुफान परतला तो झोपेतून उठल्यासारखा.

"स्क्रू तूच आवळलास ना?"

"हो. मग?"

"त्या झाडावर घरटं आहे रे. मी आदळलो, तेव्हाही असणार." त्याने हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं. "अजून थोडा आवळ."