आहेराचं कापड

मापाचा पक्का माणूस! गांधीबागेतल्या आपल्या दुकानात कापड मोजता-फाडता आनंदरावांनी तीस वर्षांत हे नाव कमावलं होतं. पण सहा महिन्यांपासून हाच पक्केपणा त्यांच्या जिवावर उठला होता. एकच कापड चारचारदा मोजायचे. गिऱ्हाईक कंटाळून निघून जायचं. ताटावर बसलं की छाती धडधडायची, झोप तर उडालीच होती. "कमी भरलं तर?" एवढंच डोक्यात. घरचे म्हणायचे, स्वभावच काळजीचा!

अशात लेकीचं, भूमिकाचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आलं. खाप्याहून पाहुणे आले. आनंदरावांनी मुलाच्या वडिलांना, भैयाजींना मानाची टोपी चढवली, पॅन्ट-शर्टच्या कापडाचं खोकं हाती दिलं आणि त्यांना दरदरून घाम फुटला. त्यांनी ते खोकं परत ओढून घेतलं, खिशातला टेप काढला आणि भर मांडवात कापड मोजायला बसले! एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा. कापड पुरेपूर होतं.

कोणीतरी फिस्सकन हसलं. "देल्लेला आहेर कोणी वापस घेते काय?" भैयाजींचा चेहरा उतरला. भूमिकाने मान खाली घातली. लेकीचे भरलेले डोळे पाहून आनंदरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते उठून मागच्या अंगणात जाऊन बसले. सोयरीक आपल्याच हातानं मोडली, या विचारानं त्यांना वर बघवेना.

मुलाची आई, प्रयागबाई, व्याह्यांसाठी पाणी घेऊन आल्या.

"इवाईबुवा, कधीपासून होऊन राहिलं असं?"

"स्वभाव आहे माहा."

"स्वभाव माणसाले जेवू देते, झोपू देते. हे तं तुमाले खाऊन राहिलं!"

"म्हंजे मी येडा झालो का?"

"येडे काहून? मलेही झालं होतं. पोरगा गाडी घेऊन गेला का मी दिवसभर फाटकात उभी. डॉक्टरले दाखवलं, तवा सुधरलं. शुगरच्या गोळीची लाज नाही, मंग याची काहून?"

"अन् सोयरीक?"

"ते कुठी जाते! पोराच्या बाबाले मी समजावीन. पण लेकीच्या लग्नात तो टेप खिशात नको."

सोमवारी आनंदराव भूमिकासोबत दवाखान्यात गेले. मनोविकाराच्या रांगेत, कोणी ओळखू नये म्हणून तोंडाला दुपट्टा गुंडाळून बसले. शेजारीही एक दुपट्टा.

"आनंदराव, तुमी पण?" दुपट्ट्यातून आवाज आला. गांधीबागेत समोरच्याच दुकानातले कृष्णकांत! दोघांनीही हळूच दुपट्टे सोडले.

मंडळी, काळजी कोणाला नसते? पण ती घास आणि झोप हिरावू लागली, हातचं काम अडवू लागली, की तो स्वभाव राहत नाही. तो आजार असतो आणि त्याला औषध असतं. आनंदरावांनी स्वभाव म्हणत, लाजेपायी सहा महिने घालवले, तुम्ही घालवू नका.

लग्नात आहेर देताना आनंदरावांच्या हाताला घाम आलाच. पण टेप घरी होता.